हसवणारं घर कोण लिहितं?

वरळी कोळीवाड्यातून तुमच्याशी बोलतेय.

टीव्हीवर विनोदी मालिका लागली की सुरुवातीला नावांच्या पाट्या सरकत जातात. आपण नटनट्यांची नावं ओळखतो, बाकीची सोडून देतो. त्या पाट्यांमध्ये तीन शब्द हमखास असतात. कथा, पटकथा आणि संवाद. पुष्कळदा या तिन्हींपुढे वेगवेगळ्या माणसांची नावं असतात. म्हणजे आपण ज्या एका वाक्यावर हसतो, त्याच्यामागे तीन-चार डोकी असतात. ही डोकी एकत्र कशी आली, त्यांची कामाची रीत काय आणि त्यात बायका कुठे होत्या, याचा इतिहास आज सांगणार आहे. आपल्याला त्याच्याशी काय करायचंय, असं मनात आलं असेल तर शेवटपर्यंत ऐका. कारण टीव्हीवर कोणाला हसायचं हे ती माणसं ठरवतात, आणि पुष्कळदा ज्यांना हसलं जातं त्या आपणच असतो.

आधी विनोदी मालिका म्हणजे काय ते पाहू. एक घर असतं, किंवा एक कचेरी, किंवा एक चाळ. तिथली पाच-सहा माणसं ठरलेली. दर भागात नवी भानगड उभी राहते आणि भाग संपेपर्यंत ती मिटते. पुढच्या वेळी माणसं होती तशीच. चिक्कू माणूस चिक्कूच राहतो, विसरभोळी आत्या विसरभोळीच. म्हणूनच आपल्याला ती घरची वाटतात. वाचायला हे सोपं वाटतं, पण लिहिणाऱ्याला तेच अवघड. माणसं बदलायची नाहीत आणि गोष्ट मात्र दर वेळी नवी हवी.

या प्रकाराचा जन्म टीव्हीवर नाही, रेडिओवर झाला. आपल्याकडेही तसंच. मुंबईत रेडिओचं नियमित प्रसारण सुरू झालं २३ जुलै १९२७ रोजी. पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर 'पुन्हा प्रपंच' ही श्रुतिका मालिका लागायची. त्यातले टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत जुन्या ऐकणाऱ्यांच्या अजून लक्षात आहेत. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांचे ते आवाज. मध्यमवर्गीय घर, नवरा-बायको आणि घरी येणारे एक भावजी, एवढाच संसार. चेहरा दिसत नव्हता. सगळी मदार आवाजावर आणि लिहिलेल्या वाक्यावर. आज सामुदायिक रेडिओवर आपण श्रुतिका करतो, तेव्हा याच वाटेवरून चालत असतो.

मुंबईत दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि आलं ते आमच्या वरळीतच. आमचं गाव समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या टोकावर आहे. एका अंगाला जुना किल्ला, समोर २००९ साली सुरू झालेला सागरी सेतू. आणि याच वरळीत दूरदर्शनचं केंद्र आणि त्याचा उंच मनोरा. तेव्हा वाहिनी एकच आणि चित्र काळं-पांढरं. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी संध्याकाळी अख्खी आळी. याच केंद्रातून शेतकऱ्यांसाठी 'आमची माती, आमची माणसं' निघालं आणि छोट्या विनोदी प्रवेशांचा 'गजरा' निघाला.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात इथूनच 'चिमणराव' आला. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मराठी टीव्हीवरचं पहिलं गाजलेलं विनोदी घर म्हणजे हे चिमणरावांचं घर. पण ते घर मुळात टीव्हीचं नव्हतंच. चिं. वि. जोशी हे बडोद्यात राहून पालीचा अभ्यास करणारे गृहस्थ. चिमणरावाच्या गोष्टी लिहिल्या त्या त्यांनी. 'एरंडाचे गुऱ्हाळ' हे पुस्तक १९३२ सालचं. १९४० साली त्याच चिमणरावावर 'लग्न पहावे करून' हा सिनेमा निघाला. जोशी १९६३ साली वारले. म्हणजे वरळीत टीव्ही सुरू झाला तेव्हा त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

आता अडचण लक्षात घ्या. पुस्तकात चिमणराव आपली फजिती स्वतःच सांगतो आणि त्याच्या सांगण्यातच गंमत आहे. टीव्हीवर सांगणं चालत नाही, घडताना दाखवावं लागतं. 'मी फार घाबरलो' हे वाक्य पुस्तकात पुरतं. टीव्हीवर तो कशाला घाबरला, कुठे उभा होता, हातात काय होतं आणि त्याची बायको त्या वेळी काय करत होती, हे सगळं कोणीतरी नव्याने योजावं लागतं. हेच पटकथेचं काम. एकाने निर्माण केलेलं पात्र दुसऱ्याने हातात घ्यायचं आणि तरी त्याचा स्वभाव मोडू द्यायचा नाही. अनेकांनी मिळून लिहिण्याची सुरुवात इथूनच होते.

ही रीत पक्की झाली ती अमेरिकेत. तिथली 'आय लव्ह लुसी' ही मालिका १९५१ ते १९५७ चालली आणि तिचे १८० भाग झाले. लुसी ही घरात बसायला तयार नसलेली गृहिणी. तिला नवऱ्यासारखं स्टेजवर जायचंय आणि दर भागात ती काहीतरी उपद्व्याप करते. ल्युसिल बॉल या नटीने ती भूमिका केली. पण पहिली चार वर्षं लुसीचं घर लिहिलं ते तिघांनी. जेस ओपनहायमर, बॉब कॅरोल आणि मॅडलिन प्यू. मॅडलिन ही त्यातली एकटी बाई.

मॅडलिनही रेडिओतूनच आलेली. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले तेव्हा तिच्या गावच्या, म्हणजे इंडियानापोलिसच्या रेडिओ केंद्राने बाईला लिहिण्याचं काम दिलं. पुढे ती लॉस एंजेलिसला गेली आणि ल्युसिल बॉलच्याच एका रेडिओ मालिकेसाठी लिहू लागली. टीव्हीची मालिका सुरू झाल्यावर रेडिओच्या कितीतरी गोष्टी नव्याने मांडून वापरल्या.

या तिघांची पद्धत अशी. आधी तिघांनी बसून नुसती गोष्ट ठरवायची. भानगड काय, ती वाढते कशी, मिटते कशी. मग मॅडलिन आणि बॉब यांनी पहिला खर्डा लिहायचा. तो ओपनहायमरच्या हाती जायचा आणि तो त्यावरून हात फिरवायचा, म्हणजे दर आठवड्याला बोलण्याची ढब एकच राहील. मग नटांनी मोठ्याने वाचायचं. जिथे हसू येत नाही तिथे पुन्हा लिहायचं. लुसीला काही कसरत करायची असेल तर मॅडलिन आधी ती स्वतः करून पाहायची. बाईला साडीत नव्हे तर झग्यात हे जमेल का, लागणार तर नाही ना, हे टेबलावर बसून कळत नाही. एकदा एकचाकी सायकल चालवायचा बेत होता. मॅडलिन ती घेऊन भिंतीवर आदळली आणि तो बेत रद्द झाला.

त्याच मालिकेतली एक गोष्ट मुद्दाम सांगते. ल्युसिल बॉलला खरोखरच दिवस गेले, तेव्हा तो प्रसंग मालिकेत घ्यायचं ठरलं. त्या काळी अमेरिकेच्या टीव्हीवर पोटुशी बाई दाखवणं अवघड मानत. 'गरोदर' हा शब्द उच्चारायलाही वाहिनीची परवानगी नव्हती. लिहिणाऱ्यांनी तो शब्द टाळला, पण बाईचं पोट लपवलं नाही. १९ जानेवारी १९५३ ला लुसी बाळंत झाली तो भाग कोट्यवधी लोकांनी पाहिला. एरवी जे बायका आपसांत कुजबुजून बोलत, ते सगळ्या देशाने घरात बसून, हसत पाहिलं.

आता आपल्याकडे परत येऊ. १९८४ साली दिल्ली दूरदर्शनवरून 'हम लोग' सुरू झालं. त्याचे लेखक मनोहर श्याम जोशी. त्याच वर्षी 'ये जो है जिंदगी' आलं. ते शरद जोशी यांनी लिहिलं. हे हिंदीतले व्यंग लिहिणारे, आपले शेतकरी संघटनेचे शरद जोशी नव्हेत. या मालिकेत सतीश शाह दर भागात वेगळं सोंग घेऊन यायचे. यात लिहिणाऱ्याची मोठी सोय होती. घरची माणसं तीच ठेवायची आणि बाहेरून एक नवा माणूस आत सोडायचा. नवी भानगड त्याच्याबरोबर आपोआप घरात शिरते.

त्याच १९८४ साली सई परांजपे यांची 'अडोस पडोस' आली आणि पुढच्या वर्षी 'छोटे बडे'. लिहिणं आणि दिग्दर्शन दोन्ही त्यांचंच. आणि मैत्रिणींनो, सईबाईसुद्धा रेडिओतूनच आलेल्या. पुणे आकाशवाणीपासून त्यांची सुरुवात झाली. इकडे सईबाई, तिकडे मॅडलिन. दोघींनी कानाने हसवायला शिकून मग डोळ्यांसाठी लिहिलं.

मराठीत पुढचं मोठं घर म्हणजे 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. अल्फा मराठी वाहिनीवर २००१ साली ते सुरू झालं. मूळ लेखन दिलीप प्रभावळकरांचं, 'अनुदिनी' या नावाचं. म्हणजे ज्यांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी दुसऱ्याचा चिमणराव उभा केला, त्यांच्याच पात्राला आता दुसऱ्यांनी हात लावायचा होता. पटकथा-संवाद गुरू ठाकूर यांचे आणि दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडं शिऱ्या आणि शलाका. तीन पिढ्या एका घरात. आबा रोजनिशी लिहितात, त्यामुळे घरात कितीही गोंधळ झाला तरी शेवटी एक शांत आवाज तो गोळा करून ठेवतो. अशी एखादी पक्की खुंटी असली की गोष्ट भरकटत नाही.

आणि आजचा काळ म्हणाल तर २०१८ पासून सोनी मराठीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आहे. ती मालिका नव्हे, सुट्या प्रहसनांचा कार्यक्रम. सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी यांनी तो उभा केला. तिथे समीर चौघुले, प्रसाद खांडेकर यांच्यासारखे नट स्वतः लिहितातही. जो बोलणार तोच लिहिणार, त्यामुळे वाक्य तोंडात बसतं.

हे सगळं काम चालतं कसं, ते मी आमच्या भाषेत सांगते. होडीचा मालक तो नाखवा. होडी चालवतो तो तांडेल. आणि बरोबर खलाशी. मालिकेतही पैसे लावणारी वाहिनी आणि निर्माता म्हणजे नाखवा. मुख्य लेखक म्हणजे तांडेल. बाकीचे लेखक खलाशी. जाळं सगळे मिळून ओढतात, पण कुठल्या दिशेला जायचं ते तांडेलच सांगतो. तो नसेल तर एका भागातला कंजूष सासरा पुढच्या भागात उधळ्या होतो. आणि खलाशी नसतील तर तांडेल एकटा किती ओढणार? आठवड्याला एक भाग एकट्याने लिहिता येईल. रोजचा वीस-बावीस मिनिटांचा भाग लिहायचा म्हटलं की माणूस थकतो आणि तोच तोच विनोद पुन्हा टाकतो.

हा थकवाच मला घातक वाटतो. थकलेला लेखक हाताशी असेल ते उचलतो. जाडी बायको, खाष्ट सासू, अडाणी मोलकरीण, खेड्यातून आलेली बावळट सून. पुरुषाला साडी नेसवली की झाला विनोद. आणि आम्ही कोळणी? आमच्या गावाच्या इतक्या जवळ दूरदर्शनचा मनोरा. तरी पडद्यावर कोळीण येते ती डोक्यावर पाटी घेऊन भांडायलाच येते. कमरेवर हात, मोठा आवाज, दोन शिव्या, संपलं. ती कोळीण पहाटे माल घ्यायला जाते, बर्फाचा हिशेब करते, उधारी लक्षात ठेवते, घरातल्या पैशाचं गणित तिच्या डोक्यात असतं. यात विनोद नाही का? भरपूर आहे. बाजारात आम्ही एकमेकींची काय थट्टा करतो ते ऐकायला या. पण ते लिहायला तिथे आमच्यातलं कोणी बसलेलं नसतं. तुमच्या गावरान बोलण्यालाही शहरातला लेखक हसतो, ते याच कारणाने.

तिथे कोण बसतं यावरून काय बदलतं, त्याचाही इतिहास आहे. १९७० साली अमेरिकेत 'मेरी टायलर मूर शो' सुरू झाला. एक अविवाहित बाई टीव्हीच्या बातम्यांच्या कचेरीत नोकरी करते, एवढीच कल्पना. तो शो निर्माण करणारे दोघे पुरुष होते, पण त्यांनी बायकांना लिहायला बोलावलं. त्यातल्या ट्रेवा सिल्व्हरमन यांना १९७४ साली विनोदी लेखनासाठी एमी पुरस्कार मिळाला. नोकरी करणारी बाई कचेरीत काय सोसते, मैत्रिणीशी काय बोलते, हे लिहायला ज्यांनी ते भोगलं त्याच होत्या. म्हणून प्रेक्षक त्या बाईला हसले नाहीत, तिच्याबरोबर हसले.

एक उदाहरण आपण इथेच करून पाहू. समजा आपल्या रेडिओसाठी सासू-सुनेची श्रुतिका लिहायची आहे. पाच जणी बसल्यात. पहिली म्हणते, सुनेने बचत गटातून कर्ज काढून चोरून साडी घेतली आणि सासूने पकडली. ठीक आहे, पण हे हजारदा ऐकलेलं. दुसरी म्हणते, सासूनेही चोरून कर्ज काढलं असेल तर? लगेच तिसरी विचारते, एकाच गटात चोरून कसं काढणार, वही तर सगळ्यांपुढे वाचतात. बरोबर. मग दोघींना वेगवेगळ्या गटांत घाला. चौथी म्हणते, आमच्या गावात साडीसाठी कर्ज देत नाहीत, धंद्यासाठी देतात. मग सासूने सुनेसाठी शिलाई मशीन घेतलं आणि सुनेने सासूसाठी शेळी. दोघींना अचानक द्यायचंय, म्हणून दोघींनी वस्तू लपवली एकाच शेजारणीच्या पडवीत. पाचवी, इतका वेळ गप्प बसलेली, म्हणते, शेळी मशीनवरचं कापड खाणार.

आता हसू आलं ना? आणि पुढे दोन्ही गटांची एकत्र बैठक असते, तिथे दोन्ही वह्या मोठ्याने वाचल्या जातात. पाहा, पहिल्या गोष्टीत सून चोर होती आणि सासू पोलीस. शेवटच्या गोष्टीत दोघी एकमेकींवर जीव लावणाऱ्या, आणि फजिती दोघींची. हा बदल एकटीने झाला नसता. वहीचा नियम जिला ठाऊक होता, शेळी जिने पाळली होती, त्या तिथे होत्या म्हणून झाला.

तेव्हा तुमच्या गटाला श्रुतिका करायची असेल तर एवढं करा. लिहिण्याआधी प्रत्येक पात्राचे तीन पक्के गुण वहीत मांडा. ती कशाला भिते, कशावर जीव टाकते, कोणता शब्द सारखा बोलते. ही वही सगळ्यांची. मग गोष्ट तोंडी सांगा आणि प्रत्येक वळणावर कोणीतरी 'का?' असं विचारा. एकीला तांडेल करा, शेवटचा निर्णय तिचा. लिहून झालं की मोठ्याने वाचा आणि अशा बाईला ऐकवा जिला काहीच माहीत नाही. ती जिथे हसली नाही तिथे खूण करा. वाद होईल तेव्हा बाईवर राग धरू नका, वाक्यावर धरा. आणि विनोद कोणावर आहे तेही पाहा. तो माणूस समोर बसून ऐकत असता तर हसला असता का? नसता, तर ते वाक्य काढा.

ज्या बाईला लिहिता येत नाही तिलाही बसवा. बोलता येणारी हवी, ऐकून आठवणारी हवी. लिहिणारी एक असली तरी पुरे.

आणि श्रुतिकेच्या शेवटी नावं सांगाल तेव्हा सगळ्यांची सांगा. शेळीवाल्या बाईचंसुद्धा.